गच्चीवरच्या खोलीचा आकडा

रोज माणसांच्या दाराशी जायचं आणि माणूस मात्र क्वचित बघायचा, असं काम मी चोवीस वर्षं केलं. गॅसचे मीटर वाचायचे. योंगदो बेटाच्या डोंगरउतारावरच्या वरच्या अकरा गल्ल्या माझ्याकडे होत्या. खाली समुद्रात नांगर टाकून उभी असलेली जहाजं, वर निळ्या टाक्या मिरवणाऱ्या गच्च्या, आणि मधे नुसत्या पायऱ्या. किती, ते माझ्या गुडघ्यांना विचारा.

मीटर घराच्या आत, स्वयंपाकघरात असतो. दर महिन्याला अडीच हजार घरांत चपला काढून शिरायचं म्हटलं तर एका महिन्याचं काम वर्षभर पुरेल. म्हणून दाराला बाहेरून एक लांबट कागद चिकटवलेला असतो. त्यावर महिन्यामहिन्याचे चौकोन, शेजारी दोऱ्याला बांधलेलं पेन. घरच्या माणसानं आतला आकडा बघून त्या महिन्याच्या चौकोनात लिहायचा, आणि त्या गल्लीच्या ठरलेल्या तारखेला मी येऊन तो वहीत उतरवायचा. झालं काम. कुणी 'या' म्हणत नाही, कुणी 'जा' म्हणत नाही. माझी ओळख होती ती माणसांच्या अक्षरांशी. दारू पिऊन लिहिलेला आकडा मला चार पावलांवरून कळायचा. नवराबायकोचं वाजलं की चौकोनातला हात बदलायचा. ज्या घरातली म्हातारी माणसं थकत चालली होती, त्यांचे आकडे चौकोनाबाहेर घसरायला लागायचे, आणि एखाद्या महिन्यात चौकोन कोराच असायचा.

दुसरं काम सहा महिन्यांनी एकदा, तपासणीचं. तेव्हा मात्र आत जावंच लागतं. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं, आणि जमीन तापवणाऱ्या बॉयलरची धुराची नळी भिंतीतून नीट बाहेर गेली आहे ना, कुठे सुटली नाही ना, हे हात लावून बघायचं. ती सुटली तर धूर खोलीत. त्या धुराला वास नाही, रंग नाही. मग घरच्या माणसाची कागदावर सही घ्यायची, दाराला पिवळा स्टिकर लावायचा आणि तो कागद ऑफिसात जमा करायचा. ज्या घराची सही नाही, त्या घरासाठी प्यो साहेब, म्हणजे आमचे विभागप्रमुख, सगळ्यांसमोर नाव घेऊन बोलायचे. तेवढं एक सोडलं तर माणूस वाईट नव्हता.

हे सांगते आहे ते पंधरा वर्षांपूर्वीचं. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. नवरा खोल समुद्रातल्या मासेमारीच्या जहाजावर होता, ते जहाज एकदा गेलं ते परत आलंच नाही. मुलगा इंचॉनला. वर्षातून दोनदा फोन करायचा, त्यातला एक घाईत. संध्याकाळी घरी आलं की पहिला आवाज ऐकू यायचा तो माझ्याच किल्लीचा. एकटेपणाची सवय होते असं लोक म्हणतात. म्हणू देत. मला झाली नव्हती.

नवव्या गल्लीच्या टोकाला एक दुमजली घर होतं. खाली घरमालकीण राहायची, तिचं माहेर यॉसूचं म्हणून सगळे तिला यॉसूआजी म्हणायचे. गच्चीवर एक खोली होती, ती भाड्याची. बाहेरून लोखंडी जिना. त्याच्या दोन वर्षं आधी तिथे नवं अक्षर आलं होतं. गोल, टपोरं, शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलीचं असावं तसं. पहिल्याच महिन्यात आकड्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती: 'मावशी, जिना गंजलाय. तिसऱ्या पायरीवर पाय देऊ नका.'

मी जिना चढूनच ती ओळ वाचली होती, म्हणजे उपयोग शून्य. मी खाली लिहिलं, 'आता उतरताना देणार नाही.' पुढच्या महिन्यात तिथे हसरा चेहरा काढलेला होता.

तिचं नाव नाम दान-बी. वृद्धांच्या इस्पितळात रात्रपाळीला होती, दिवसा झोपायची. आम्ही दोघी एकमेकींना कधीही भेटलो नाही. पण तिच्या भागाची बावीस तारीख आली की मी नववी गल्ली मुद्दाम शेवटी ठेवायचे. लहान मूल ताटातला आवडता घास शेवटी ठेवतं, तसं. कधी दाराच्या मुठीला पिशवीत चार संत्री अडकवलेली असायची, कधी लोकरीचे मोजे. मी जाताना घरचं मुळ्याचं किमची डब्यात नेऊन ठेवायचे. 'जास्त तिखट झालंय का?' 'डोळ्यांतून पाणी आलं, पण संपवलं.' एवढंच बोलणं, महिन्यातून एकदा, बोटभर चौकोनात. त्या दोन वर्षांत मला कुणी इतकं नियमानं लिहिलं नव्हतं.

ऑक्टोबरात तिनं लिहिलं, 'खिडक्यांतून फार वारा येतो.' मी लिहिलं, 'बुडबुड्यांचं प्लॅस्टिक आण, सगळ्या फटी बंद करून टाक.' आमच्याकडे सगळेच लावतात.

नोव्हेंबरच्या चौदा तारखेला तपासणीसाठी मी तिच्या दारात उभी होते. तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळा तिची दिवसपाळी लागलेली होती. या वेळी मात्र ती घरात होती, कारण तिचे कामावरचे पांढरे बूट धुऊन गच्चीच्या कठड्यावर वाळत ठेवले होते आणि आत बॉयलरची घरघर चालू होती. दुपारचे दोन वाजले होते. मी वाजवायला हात वर केला. मग मनात आलं, सकाळी नऊला आली असेल, अकराला डोळा लागला असेल. म्हाताऱ्यांना रात्रभर उचलून ठेवायचं, कुशी बदलायच्या, काय जीव राहत असेल तिच्यात! झोपू दे बिचारीला.

आणि मी कागद गुडघ्यावर ठेवून तिची सही स्वतःच केली. नाम दान-बी. सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा केल्या, दाराला पिवळा स्टिकर चिकटवला आणि पायांचा आवाज न करता जिना उतरले. आमच्या कामात हे कुणीच केलं नाही असं नाही. बहुतेकजणी कंटाळ्यानं करायच्या. मी मायेपोटी केलं, आणि त्या दिवशी दिवसभर मला छान वाटत होतं, हेही सांगून टाकते.

आठ दिवसांनी, बावीस तारखेला, चौकोनात आकडा होता: ३२०४. खाली लिहिलं होतं, 'स्टिकर पाहिला. मला उठवायचं ना मावशी! हल्ली उठल्यावर डोकं फार दुखतं. रात्रपाळीमुळे असेल.'

आता ऐका. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी आम्हाला फळ्यावर लिहून देतात: बंद खोली, बॉयलर आणि उठल्यावर डोकेदुखी, या तीन गोष्टी एकत्र आल्या की आधी खिडकी उघडा, मग बोला. नव्या मुलींना मीच ते शिकवायचे, तोंडपाठ. आणि त्या दिवशी मी त्या चौकोनात काय लिहिलं? 'आल्याचा चहा घे, मध घालून. जेवणाची आबाळ करू नकोस.'

त्या वेळी मी गॅसवाली नव्हते हो, मावशी होते. तिथेच घात झाला.

डिसेंबरची बावीस तारीख म्हणजे त्या वर्षी वर्षातला सगळ्यांत छोटा दिवस. त्या दिवशी घरोघर लाल चवळीची पेज करतात, उंबऱ्याशी, कोपऱ्यात, बरण्यांजवळ थोडी थोडी ठेवतात. नको त्या पावलांनी घरात येऊ नये म्हणून. समुद्रावरून धुकं चढत होतं. खालची जहाजं दिसेनाशी झाली होती आणि त्यांचे भोंगे तेवढे मधूनमधून ऐकू येत होते. नवव्या गल्लीत पोचले तेव्हा पावणेपाच झाले असतील. उजेड होता, पण ताकात पाणी घालावं तसा पातळ.

यॉसूआजी दारातच बसली होती.

"ए गॅसवाली, वर जाण्याआधी पेज खाऊन जा. आज खाल्ली नाहीस तर तुझं वय वाढायचं नाही."

"मला कुठे घाई आहे आजी वय वाढायची?"

"तुला नसेल, वयाला असते. खा गुपचूप."

मी पायरीवर बसून पेज खाल्ली. तिनं उंबऱ्याशी एक वाटी ठेवली होती, किमचीच्या माठांपाशी एक, संडासाच्या दाराशीसुद्धा एक.

"वर ठेवली का?" मी सहज विचारलं.

"हे गुडघे चढू देतात कुठे? वरचीला म्हणावं, खाली येऊन खा. तोंड दाखवत नाही हल्ली. महिना होत आला बघ. पण दिवसभर चालत असते. इकडून तिकडे, तिकडून इकडे… झोपते कधी कोण जाणे. परवा तर पहाटेपर्यंत माझ्या डोक्यावर चालत होती."

"पाळी बदलली असेल."

"असेल बाई. तरण्या मुलींचं आपल्याला काय कळतंय?"

मी वाटी धुऊन ठेवली आणि जिना चढले. तिसरी पायरी टाळली. गच्चीवर धुकं इतकं दाट होतं की निळी टाकी चार हातांवर असून दिसत नव्हती. कठड्यावर पांढरे बूट तसेच होते. नोव्हेंबरात होते तिथेच, पुन्हा धुऊन ठेवलेले. त्यांच्यात पाणी साचून त्याचा पातळ बर्फ झाला होता.

सवयीनं मी आधी आकडा वाचला. ३४१८. एका महिन्यात दोनशे चौदा युनिट. त्या एवढ्याशा खोलीत पन्नासाच्या वर कधी गेला नव्हता. म्हणजे बॉयलर दिवसरात्र, क्षणभरही न थांबता चालू होता. मग मी खालची ओळ वाचली. तेच गोल अक्षर. शाई अजून ओली वाटत होती.

'मावशी, आज तरी आत या.'

मी मान वर केली. बॉयलरची घरघर भिंतीतून ऐकू येत होती. आणि भिंतीतून बाहेर आलेल्या नळीचं तोंड कोरडं होतं. एवढ्या थंडीत, बॉयलर चालू असताना, त्या तोंडातून वाफेचा पांढरा लोट यायला हवा. चोवीस वर्षांत मी तो हजारो नळ्यांतून बघितला आहे. इथे काहीच नव्हतं. जे बाहेर यायचं ते सगळं आत जात होतं.

मी दोन्ही मुठींनी दार वाजवलं.

"दान-बी! दान-बी, दार उघड!"

आत पावलं वाजली. अनवाणी, सावकाश, तापलेल्या जमिनीवर पडणारी पावलं. दारापर्यंत आली आणि थांबली. आमच्या दोघींच्या मधे बोटभर जाडीचा पत्रा होता.

"मावशी…?"

आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. झोपेतून उठल्यासारखा, थोडा बसलेला.

"हो, मीच ग! आधी खिडकी उघड, प्लॅस्टिक फाड सगळं! दार उघड!"

"उघडता येत नाही…"

"कडी काढ! हात वर कर आणि कडी काढ!"

"तुम्ही आला होता ना त्या दिवशी… मी जागी होते. म्हटलं, वाजवतील आता… आता वाजवतील…"

हातांना काम माहीत होतं. खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर मीटरकडे जाणाऱ्या नळाची चावी असते. मी ती शोधून आडवी केली. घरघर थांबली. इतक्या दिवसांचा आवाज एकदम बंद झाला आणि त्या शांततेत खाली कुठेतरी एका जहाजाचा भोंगा वाजला. मग दाराच्या आतून, अगदी कानाशी आल्यासारखं…

"थंडी वाजते, मावशी."

मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. यॉसूआजीची किल्ली हिसकावून घेतली, रुग्णवाहिकेच्या एकशे एकोणीसला फोन करायला तिला ओरडून सांगितलं. शेजाऱ्याला फोन लावायला सांगून ती म्हातारी गुडघे विसरून माझ्या मागोमाग वर आली, आणि पाठोपाठ तो शेजारीही आला. किल्ली फिरली. आत कडी नव्हतीच.

तोंडावर कढत हवा आली. तिला बंद खोलीचा, कुजलेल्या संत्र्यांचा आणि आणखी एक वास होता. तो मी सांगणार नाही. खिडक्यांवर प्लॅस्टिक लावलेलं होतं, चारही कडांना चिकटपट्टी, एक फट सोडली नव्हती. मी सांगितलं होतं तसंच. कोपऱ्यात बॉयलरची नळी सांध्यातून सुटून लोंबत होती. जमिनीवर गादी होती आणि गादीत भिंतीकडे तोंड करून ती निजलेली होती. दारापासून सहा पावलांवर. तिच्याकडे बघून कुणालाही कळलं असतं की ती आज उठलेली नाही, काल नाही, आणि गेले कित्येक दिवस नाही.

"पिवळा स्टिकर लागलाय ना!" यॉसूआजी माझी बाही ओढून ओढून म्हणत होती. "मी तर तो बघूनच निर्धास्त होते! स्टिकर लागलाय ना ग गॅसवाली?"

पोलीस आला. तरणा, बोलायला सौम्य. त्यानं सांगितलं, तीन आठवडे तरी झाले असावेत. इस्पितळातल्या लोकांना वाटलं, काम सोडून गेली. दोनदा फोन लावला, मग दुसरी ठेवली. आईवडील नव्हते. तीन आठवडे एका माणसाला कुणी शोधलं नाही.

"पण मग हा आकडा?" मी त्याला दारावरचा कागद दाखवला. तो आत जाऊन मीटर बघून आला. मीटरवर ३४१८ होता.

"आत आल्यावर तुम्हीच लिहिला असेल. गडबडीत लक्षात राहत नाही माणसाच्या."

"या गॅसवालीनं पेनाला हात नाही लावला," यॉसूआजी म्हणाली. "मी सोबत होते. आणि रात्री वर चालत होती ती कोण? मी काय बहिरी आहे?"

पोलिसानं तिला खुर्ची दिली आणि तिचं बोलणं लिहून घेतलं नाही.

त्या रात्री मी दिवा मालवला नाही. सकाळी उजाडताच ऑफिसात गेले. मनाशी पक्कं केलं होतं. नोकरी जाईल, खटला होईल, तुरुंगात जावं लागेल. जावं लागू दे. निदान कुणीतरी मला म्हणेल की तू हे केलंस. तेवढं ऐकल्याशिवाय मला श्वास घेता येणार नव्हता. प्यो साहेब कोट काढत होते तेवढ्यात मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"साहेब, मी त्या खोलीत गेलेच नव्हते. सही माझी आहे. सगळ्या खुणा मीच केल्या. पोरगी माझ्यामुळे गेली."

कपाटाला कुलूप होतं, ते उघडून त्यांनी नोव्हेंबरची फाईल काढली. पान शोधलं. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याची कळा आली.

"बसा," ते म्हणाले. "पाणी प्या. रात्रभर झोपला नाहीत ना? ही सही तुमची आहे?"

गोल, टपोरं अक्षर. नाम दान-बी. मी गुडघ्यावर ठेवून वेडीवाकडी केली होती ती सही तिथे नव्हती. आणि खाली शेऱ्याच्या रकान्यात, जो मी कोरा सोडला होता, त्याच अक्षरात एक ओळ होती.

'मावशी आत आल्या होत्या. सगळं नीट पाहिलं.'

"हे बघा, बाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय," प्यो साहेब म्हणाले. "नळी नंतर सुटली असणार. तुमचा काही दोष नाही."

"साहेब, हे मी दिलेलं पान नाही."

"पान तेच आहे. क्रमांक बघा. तुम्ही थकलायत. दोन दिवस घरी राहा."

मी पोलिसाकडेही गेले. त्यांनी इस्पितळातल्या तिच्या नोंदवह्यांशी अक्षर जुळवून पाहिलं. जुळलं. मी खोटं बोलले होते ते खरं ठरलं, आणि खरं बोलत होते ते कुणी ऐकेना. मी घरी येऊन ढसाढसा रडले. वाटलं, पोरीनं मला माफ केलं. मरतामरता माझ्या हातातली बेडी तिनं काढून घेतली. कुणी इतकं चांगलं असतं का? मी भिंतीकडे बघून हात जोडले. तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही.

जानेवारीत खोलीचा मीटर काढून आणला. गॅसची जोडणी तोडली, नळाला झाकण बसवलं. कागदोपत्री ती खोली बंद झाली. फक्त दारावरचा लांबट कागद काढून आणायचा राहिला होता, तो मीटरवालीनं आणायचा असतो. बावीस तारखेला मी दुपारी दोनलाच नवव्या गल्लीत गेले. स्वच्छ ऊन होतं. जहाजं एकूण एक दिसत होती.

यॉसूआजी सामानाच्या खोक्यांवर बसली होती. दारात टेम्पो उभा होता.

"यॉसूला चाललेय, पोरीकडे," ती म्हणाली. "एवढ्या वयात घर सोडायचं म्हणजे…"

"एकटीला भीती वाटते का आजी?"

"एक चालायची तेव्हा नाही वाटली." ती हातातल्या दोरीला गाठ मारत राहिली. "मेलेलं माणूस थोडे दिवस चालतंच. पण आता दोघी चालतात ग. आणि बोलतात. हसतात पण. दुसरीचा आवाज मला ओळखीचा वाटतो, पण आठवत नाही कुणाचा…"

ती माझ्याकडे बघत होती. मी जिन्याकडे वळले.

गच्चीवर बूट नव्हते, पोलिसांनी नेले होते. दाराला कंपनीची मोहर होती, तुटलेली नव्हती. गॅसच्या नळाची बाहेरची चावी बंद होती. तरी भिंतीला मी पाठ टेकली तर ती कोमट लागली. उन्हामुळे असेल. ती भिंत उत्तरेची आहे, पण उन्हामुळेच असेल.

कागद दारावर होता. डिसेंबरच्या चौकोनाखालचा जानेवारीचा चौकोन भरलेला होता. ३४७१. काल-परवा लिहिल्यासारखी शाई. खाली एक ओळ.

'दोघी ठीक आहोत. ऊब आहे.'

मी ती दोनदा वाचली. मग आकड्याकडे पाहिलं. चोवीस वर्षं अडीच हजार घरांची अक्षरं ओळखणारी बाई मी. मला कुणाला विचारावं लागलं नाही.

ते अक्षर माझं होतं.